वस्ताद जाऊ नयेत म्हणून

दरीच्या अगदी काठावर एक गाव होतं. मागे उभा कडा, पुढे खोल दरी, आणि बाहेरच्या जगात जायला एक झुलता पूल. ही गोष्ट त्या पुलाची राखण करणाऱ्या तुळाजीची आहे.

तुळाजी दोर वळायचा. घायपाताची पानं कुजवून, ठेचून, धुऊन त्यातून पांढराशुभ्र वाख काढायचा आणि त्याचे मनगटाएवढे जाड दोर करायचा. गावाचा पूल त्याच्याच दोरांवर तोललेला होता. तीस वर्षं रोज सकाळी तो पुलाच्या खांबांशी जायचा आणि एकेक गाठ हाताने चाचपून पाहायचा. तीस वर्षांत त्या पुलावरून एक शेळीसुद्धा खाली पडली नव्हती.

या गावाला फुटबॉलचं भारी वेड. सुगी संपली की बारा गावांचे सामने सुरू व्हायचे आणि जिंकणाऱ्या गावाला वर्षभरासाठी पितळी ढाल मिळायची. पण वेड असून काय उपयोग? हे गाव दरवर्षी शेवटून पहिलं. एकदा तर नऊ गोल खाऊन आले. पुढे कितीतरी दिवस पलीकडच्या गावातली पोरं यांच्यातलं कुणी बाजाराला आलं, की दोन्ही हात वर करून नऊ बोटं दाखवायची.

मग एके दिवशी फुटबॉल शिकवायला वस्ताद आले. खांद्याला एक झोळी, उजव्या गुडघ्यात जुनी दुखापत, त्यामुळे थोडं लंगडत चालायचे. शाळेमागच्या खोलीत राहिले. आठवडाभर नुसते गावात फिरले, कोण कसं पळतं, कोण कसं उडी मारतं, ते बघत बसले. तुळाजीची मुलगी सगुणा विहिरीवर पाणी भरत होती. कुणीतरी वरून फेकलेली घागर तिने एका हाताने झेलली. ते पाहून वस्ताद म्हणाले, "ही आपली गोलरक्षक."

लोक हसले. पण त्या हंगामात सगुणाने ओळीने तीन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, आणि हसणारेच तिच्या नावाने ओरडून ओरडून घसा बसवून घेऊ लागले. दुसऱ्या वर्षी ढाल गावात आली. तिसऱ्या वर्षी ती गावातच राहिली.

तुळाजीचं तर सगळं जगणंच बदललं. बायको गेल्यापासून त्याच्या घरात दोन माणसं दिवसाला चार वाक्यं बोलायची. आता सगुणा जेवताना ताटावरच हात उडवून सांगायची, चेंडू कसा आला, ती कशी झेपावली. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, "काय सगुणेचे आबा, यंदा ढाल आपलीच ना?" तुळाजी नुसता हसायचा आणि मनात म्हणायचा, हे असंच राहू दे.

चौथ्या वर्षी, सुगी संपायला महिना राहिला असताना, पूल ओलांडून मीठवाला आला. पोतं खाली टाकत म्हणाला, "ऐकलं का? राजधानीचा संघ नवा वस्ताद शोधतोय म्हणे. तुमच्या वस्तादांचं नाव तिथल्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी आहे."

तेवढंच बोलून मीठवाला मीठ विकायला लागला. पण गावाची चव गेली ती गेलीच.

चार दिवसांनी खरोखरच राजधानीचा स्वार आला. घोडा पलीकडे बांधून पूल चालत ओलांडून आला, तासभर वस्तादांच्या खोलीत बसला आणि निघताना दारातून म्हणाला, "पौर्णिमेला उत्तर घ्यायला येतो."

त्या दिवसापासून गावाचं लक्ष खेळावरून उडालं आणि वस्तादांवर खिळलं. वस्तादांनी दोन्ही सदरे एकाच दिवशी धुतले, तर गावभर कुजबुज, "प्रवासाची तयारी!" वस्ताद सरावात कमी बोलले, की लोकांच्या पोटात गोळा. वस्ताद जास्त बोलले, तर आणखी मोठा गोळा, "जाण्याआधी सगळं सांगून टाकतायत!" त्यांनी शाळेतल्या मुलांना आपली जुनी शिट्टी वाजवायला दिली तेव्हा तर एक म्हातारी रडायलाच लागली.

शेवटी पाटलीणबाईंनी आपल्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. सामन्यात सर्वांत मोठा आवाज पाटलीणबाईंचा असायचा. त्या दिवशी मात्र त्या हळू बोलत होत्या.

"वस्ताद गेले तर काय होईल, ते सांगायला नको," त्या म्हणाल्या. "पुन्हा ती नऊ बोटं."



शाळेचे मास्तर घसा साफ करत म्हणाले, "मी काय म्हणतो, त्यांना सरळ विचारावं का? जाणार आहात का म्हणून?"

"आणि हो म्हणाले तर?" पाटलीणबाईंनी विचारलं.

 तो प्रश्न ऐकून जो तो घाबरला, आणि त्या घाबरण्यातच विचारायचं राहून गेलं.

मग पाटलीणबाईंची नजर तुळाजीवर थांबली. "तुळाजी, पूल किती जुना झाला रे?"

"दोर दोन वर्षांपूर्वीच बदललेत, पाटलीणबाई. अजून दहा वर्षं काही होत नाही."

"पण दोर कुजू शकतात ना?"

 तुळाजीला त्या काय म्हणतायत ते कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं.

"पूल नसला तर स्वार येणार नाही," पाटलीणबाई म्हणाल्या. "वस्ताद जाणार नाहीत. पुढच्या वर्षी बांधू की नवा. तेवढ्यात राजधानीला दुसरा कुणी मिळेल."

तुळाजी नाही म्हणू शकला असता. तीस वर्षांत त्याने कुणाचं ऐकून एक गाठ सैल केली नव्हती. पण त्याच्या डोळ्यांपुढे घरातलं जुनं गप्प ताट आलं. वस्ताद गेले, की सगुणा पुन्हा मान खाली घालून जेवणार, आणि आपणही. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दरीत धुकं भरलं होतं. तुळाजी रोजच्यासारखा खांबांशी गेला. दोरावर कोयता चालवायचं त्याच्याच्याने होईना, म्हणून त्याने गाठी सोडवल्या. स्वतः मारलेल्या गाठी सोडवताना त्याची बोटं सोलली. शेवटची गाठ सुटली आणि पूल धुक्यात नाहीसा झाला. मग पलीकडच्या कड्यावर फळ्या आपटल्याचा असा आवाज आला, की गावातली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. तुळाजी खांबाला पाठ लावून खाली बसला. 

लोक धावत आले. त्यांत वस्तादही होते. तुळाजी एवढंच म्हणाला, "दोर कुजले होते."

वस्ताद लंगडत त्याच्याजवळ आले, उकिडवे बसले आणि त्याचे सोललेले हात त्यांनी हातात घेतले. "धरून ठेवायला गेलात ना, तुळाजीकाका? अहो, तुम्हीही खाली गेला असतात की! मनाला लावून घेऊ नका. इतकी वर्षं तुम्ही एकट्याने पूल सांभाळलात, आम्ही कुणी कधी हात लावला नाही. दोष असेल तर तो सगळ्यांचा."

तुळाजीला वाटलं, यांनी आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी घरी सगुणाने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि विचारलं, "आबा, दोर कुजले असते तर तुम्हांला आधी कळलं नसतं का?"

तुळाजीने भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडात घातला नाही. सगुणानेही पुन्हा विचारलं नाही. घरात परत चार वाक्यांचा हिशेब सुरू झाला.

पौर्णिमेला स्वार आला. पलीकडच्या काठावर उभा राहून त्याने बऱ्याच हाका मारल्या, दरीतल्या वाऱ्यात त्यातली एकही धड ऐकू आली नाही, आणि तो परत गेला. गावाने सुटकेचा श्वास सोडला. तो जेमतेम एक दिवस टिकला.

कारण दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मनात आलं, वस्ताद दोर लावून दरीत उतरले तर? अलीकडचा कडा सरळसोट होता, पण पलीकडे शेळ्यांची वाट होती. एकदा खाली पोचलं, की माणूस तिकडून चढून जाऊ शकत होता.

मग पाटलीणबाईंनी गावातले सगळे दोर गोळा करायला लावले. तुळाजीच्या झोपडीतले नवे दोर तर नेलेच, पण बैलांची दावी गेली, गवताच्या भाऱ्यांच्या दोऱ्या गेल्या. विहिरीचा दोर पाटलीणबाईंच्या ओसरीवर पहाऱ्यात ठेवला. पाणी हवं तर तिथून न्यायचा आणि लगेच परत आणून द्यायचा. पाळण्यांच्या दोऱ्या काढल्या, तान्ही पोरं जमिनीवर घोंगडीत निजू लागली आणि रडू लागली. वस्तादांना सांगितलं, उंदरांनी कुरतडलेत, तपासायला नेलेत. वस्तादांनी काही विचारलं नाही. पण आता ते चालताना मागे वळून बघायला लागले होते, कारण त्यांच्यामागे नेहमी कुणीतरी असायचं.

पूल होता तेव्हा लोक घाबरत होते. पूल नव्हता तेव्हा जास्त घाबरायला लागले.

सामन्यांचा पहिला दिवस आला. पलीकडच्या गावाचा संघ ढोल वाजवत दरीच्या काठापर्यंत आला आणि तिथेच थांबला. अलीकडे सगुणा आणि तिचे सोबती तयार होऊन उभे होते. दोन्ही संघ एकमेकांकडे बघत राहिले. मधे नुसती दरी. थोड्या वेळाने ढोल बंद झाला. पलीकडचे लोक पाठ फिरवून निघून गेले.

वस्तादांना धरून ठेवण्याच्या नादात सामन्यांचा विचार कुणीच केला नव्हता. वस्ताद ताठ उभे होते, पलीकडच्या काठावरून त्यांची नजर हलेना.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. संघ आपापसातच दोन गट करून खेळायचा. कोण कुठे चेंडू मारणार ते सगळ्यांना आधीच पाठ. चिडचिड सुरू झाली, एकदा मारामारीही झाली. सगुणा गोलात उभी असायची, पण झेपावायची नाही. चेंडू तिच्या बाजूने जायचा आणि ती फक्त मागे वळून बघायची.

एका सकाळी वस्ताद तुळाजीच्या झोपडीत आले. तुळाजी वाख विंचरत होता. एवढ्या दिवसांत त्याने जेमतेम हातभर दोर वळला होता. कधी पानं भिजली नाहीत म्हणायचा, कधी ऊन नाही म्हणायचा.

"तुळाजीकाका, पूल बांधायला आधी एक दोरी पलीकडे न्यावी लागते ना?" वस्तादांनी विचारलं. "ती दोरी मी नेतो. दरीत उतरून पलीकडे चढतो. पोरांना सामना हवाय. अशीच राहिली तर ती खेळ विसरतील."

तुळाजीच्या हातातला वाख खाली पडला. तो कडा त्याला ठाऊक होता. धट्ट्याकट्ट्या माणसानेही उतरू नये असा, आणि वस्तादांचा तो गुडघा.

"नको," तो म्हणाला. "वस्ताद, नको."

"मग दुसरा उपाय सांगा."

 आणि मग तुळाजीने इतके दिवस छातीत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. "पूल कुजला नव्हता. मी सोडवला. या हातांनी सोडवला. तुम्ही जाल म्हणून... आम्ही सगळे घाबरलो होतो, वस्ताद."

 बाहेर कुठेतरी तान्हं पोर रडत होतं.

"मला एकदा विचारलं असतं तर?" वस्ताद म्हणाले.

"तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

"माझं काहीच ठरलं नव्हतं हो. चार रात्री झोप नव्हती मला. कुणीतरी येईल, बसेल, विचारेल असं वाटायचं. आलं कुणीच नाही. सगळे लांबून बघत राहिले."

तुळाजी म्हणाला, "दरीत मी उतरतो. केलं मी, निस्तरतोही मीच."

"तुम्ही उतरलात तर वर दोर कोण धरणार? त्या दोराची जाण तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला आहे?" वस्ताद उठले. "उद्या सकाळी. दोर घेऊन या."

तुळाजी तडक पाटलीणबाईंच्या ओसरीवर गेला आणि त्याने आपले दोर उचलले. पाटलीणबाई आडव्या आल्या. "ते गेले म्हणजे?"

"गेले तर जातील," तुळाजी म्हणाला. "पण पडून मेले तर मी इथे कुणाच्या तोंडाकडे बघू?"

सकाळी सगळं गाव काठावर जमलं. वस्तादांच्या कमरेला एक जाड दोर बांधला आणि पाठीला पलीकडे न्यायची लांब बारीक दोरी. तुळाजीने जाड दोराचा वेढा खांबाला घेतला, पाय रोवले आणि हळूहळू दोर सोडायला लागला.

पहिले वीस हात वस्ताद दिसत होते. मग कड्याच्या पोटाखाली गेले आणि नुसता दोर दिसत राहिला. दोर ताणला, की तुळाजीला कळायचं, पाय टेकलाय. दोर हलला, की कळायचं, गुडघा दुखतोय. एकदा दोर अचानक सैल झाला आणि दुसऱ्याच क्षणी असा हिसका बसला, की तुळाजी खांबावर आदळला. खाली दगड गडगडत गेल्याचा आवाज आला. पाटलीणबाईंनी पदर तोंडावर धरला. तुळाजीच्या तळहातांची सालं निघत होती, पण त्याने वेढा सुटू दिला नाही. त्याच्या मनात आलं, हा दोर आपण नीट धरला तर वस्ताद पलीकडे पोचतील, आणि पलीकडूनच वाट राजधानीकडे जाते. तरी तो धरून राहिला. त्याच्या शेजारी येऊन सगुणानेही दोराला हात घातला.

मग खालून तीन हिसके आले. वस्ताद तळाशी पोचले होते.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते गावालाच माहीत. कितीतरी वेळाने पलीकडच्या शेळ्यांच्या वाटेवर एक लंगडणारी आकृती दिसली. थांबत, बसत, पुन्हा चढत ती काठावर पोचली. आता वस्ताद पलीकडे होते. त्यांच्या मागे राजधानीचा रस्ता, आणि त्यांना अडवणारं तिथे कुणी नव्हतं. 

वस्तादांनी दोरी पलीकडच्या खांबाला बांधली. गाठ ओढून पाहिली. मग हात वर करून ओरडले, "पाठवा जाड दोर!"

अकरा दिवसांत पूल उभा राहिला. या वेळी दोर वळायला आणि फळ्या ठोकायला सगळं गाव राबलं. पलीकडची माणसंही आली. पाळण्यांच्या दोऱ्या पाळण्यांना गेल्या, विहिरीचा दोर विहिरीवर गेला. नव्या पुलावरून सर्वांत आधी वस्ताद परत आले. लोक वाटेत उभे होते. आता तरी विचारायलाच हवं होतं. पाटलीणबाईंनीच विचारलं, आवाज कापत होता तरी विचारलं, "वस्ताद, तुम्ही जाणार?"

"हो," वस्ताद म्हणाले. "हा हंगाम पुरा करतो. मग जातो. या गुडघ्यामुळे राजधानीच्या ज्या मैदानावर मला खेळता आलं नाही, तिथे एकदा उभं राहायचंय. आणि दुसरं खरं सांगू? तुम्ही माझ्यासाठी लेकरांचे पाळणे सोडवलेत. मी इथेच राहिलो तर तुम्ही माझ्याशिवाय कधी खेळायला धजणारच नाही."

त्या हंगामात चुकलेल्या सामन्यांमुळे ढाल दुसऱ्या गावाला गेली. वस्तादांनी शेवटच्या दिवसापर्यंत तितकंच जीव तोडून शिकवलं. मग एका सकाळी ते निघाले. तुळाजी पुढे चालत पुलाची एकेक फळी पायाने दाबून बघत गेला आणि पलीकडे पोचल्यावर वस्तादांच्या पाया पडायला वाकला. वस्तादांनी त्याला वरच्यावर धरलं आणि मिठी मारली.

पुढच्या वर्षी पहिला सामना गावातच होता. मैदानाच्या कडेला वस्तादांची जागा रिकामी होती. पाटलीणबाईंच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. सुरुवातीलाच गावावर एक गोल झाला, मग दुसरा.  तुळाजीला वाटलं उठून घरी जावं. पण तो बसून राहिला, आणि कुणीच उठलं नाही. दुपार कलता कलता यांचाही एक गोल झाला. त्यानंतर सगुणा अशी झेपावली, की तिसरा गोल तिने बोटांच्या टोकांवर अडवला. गाव सामना दोन-एकने हरलं. नऊ नाही, दोन-एक.

सामना संपल्यावर पाहुण्या संघाची गोलरक्षक, धुळीने माखलेली एक लहानखुरी मुलगी, सगुणाजवळ येऊन उभी राहिली. "मघाशी तो गोल अडवताना तू कुठल्या पायावर उभी होतीस?" तिने विचारलं. "मला नाही जमत ते. शिकवशील?"

सगुणाने आबांकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे.

"ये की," ती म्हणाली. "उद्या सकाळीच ये."

तात्पर्य: एक माणूस जाईल या भीतीने वाट मोडली, तर येणाऱ्यांचीही वाट मोडते. म्हणून मनात भीती दाटली, की आधी जवळ जाऊन विचारावं.